बर्फ ग्लेनिसकडे

सुपरमार्केटात मसाल्यांच्या फळीसमोर, हॅमला टोचायच्या लवंगांची बाटली हातात धरून ग्लेनिस उभी होती, तेव्हा पर्समध्ये फोन थरथरला. तिने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि वाचलं. घरच्या सगळ्यांना मिळून जनेलने, रॉडनीच्या दुसऱ्या बायकोने, लिहिलं होतं की यंदा नाताळचं जेवण आमच्याकडे, नव्या घरी, पोहण्याचा तलाव आता भरलाय. हॅम रॉडनीकडे. कोळंबी टेगनकडे. सॅलडं, बटाटे, पुडिंग माझ्याकडे. बर्फ ग्लेनिसकडे. आणि त्याखाली, खास तिच्यासाठी : ग्लेन, पुडिंगमधली ती जुनी नाणी तेवढी आठवणीने आण हं, आणि यंदा मस्त आराम कर, किती वर्षं राबलीस! शेवटी तीन हृदयं होती, लाल. ग्लेनिसने पुन्हा वाचलं. शेजारच्या शीतकपाटांतून गार हवा येत होती आणि तिच्या दंडावर काटा उभा राहिला होता, पण मान आणि कानांच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या. तिने लवंगांची बाटली फळीवर परत ठेवली. मग उचलली. हॅम नाही म्हटल्यावर लवंगा कशाला, हे कळत असूनही तिने ती गाडीत टाकली, कारण रिकाम्या हाताने बाहेर पडणं तिला त्या क्षणी जमण्यासारखं नव्हतं.

बर्फ! या घराण्यात बर्फ कोण आणतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. रॉडनीचा लेस काका आणायचा, ज्याच्या हातात सुरी द्यायची सोय नव्हती आणि ज्याला बारा वाजायच्या आत चढलेली असायची. टेगनचे लग्नाआधीचे एकेक मित्र आणायचे, ज्यांची नावं पुढच्या नाताळापर्यंत लक्षात ठेवायची गरज नव्हती. पेट्रोल पंपावर थांबायचं, लोखंडी पेटीतून दोन पिशव्या उचलायच्या, झालं. माणसाला रिकामं बसवलं असं दिसू नये म्हणून द्यायचं ते काम. आणि लिहिणारीने ते मायेने लिहिलं होतं. त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. जनेलचं सगळंच असं असे. राग यावा असं ती कधी काही करत नसे, आणि याचाच ग्लेनिसला राग येई.

रॉडनी, तिचा नवरा, घर सोडून गेला त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. गेला जुलैत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्लेनिसने नेहमीसारख्या मनुका, बेदाणे आणि संत्र्याच्या साली आणून ब्रँडीत भिजत घातल्या. शेजारची कॉरल कुंपणावरून म्हणाली होती, "अगं, काडीमोड झाला ना तुझा? मग त्या माणसाच्या खानदानाला जेवायला कसली घालतेस? वेडी का खुळी तू?" "नॅनला कुठे टाकू?" ग्लेनिस म्हणाली होती. नॅन म्हणजे एव्हिस, रॉडनीची आई. सगळे तिला नॅन म्हणत म्हणून ग्लेनिसही म्हणे. उत्तर चांगलं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे होतं की ग्लेनिस घाबरली होती. आपण रांधलं नाही तर त्या दिवशी आपल्या दारात एकही गाडी थांबणार नाही, हे तिला त्या जुलैतच कळून चुकलं होतं. मग ती रांधत राहिली. दरवर्षी गाड्या थांबत राहिल्या. रॉडनीसुद्धा आला, पहिल्या वर्षी खाली मान घालून, दुसऱ्या वर्षी मान वर करून, आणि पुढे जनेलला घेऊन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं लग्न जळून गेलं होतं आणि नाताळ तेवढा उरला होता. जनेल येताना तळलेल्या शेवया घातलेलं कोबीचं सॅलड आणायची, प्रत्येक पदार्थाला "वा, ग्लेन!" म्हणायची, आणि जेवण झाल्यावर गुणगुणत सगळी भांडी घासून टाकायची. भांडी घासता घासता तिने हे घर बघून ठेवलं, कुठे काय असतं, केव्हा काय होतं, आणि आता आयत्या बिळावर ही अशी. हा विचार अन्यायाचा आहे हे ग्लेनिसला कळत होतं. तरी तो करून तिला जरा बरं वाटलं.

घरी पोचून तिने टेगनला फोन लावला. टेगन तिची एकुलती मुलगी, आणि एकुलत्या मुली असतात तशी आईचं बोलणं ऐकायच्या आधीच थकलेली. "आई, तिने चांगल्या मनानं लिहिलंय गं."

"मी कुठे वाईट म्हणाले? बर्फ काय, फ्लिनही आणेल."

"माझा फ्लिन सात वर्षांचा आहे. आणि बर्फ लागतोच ना? नाहीतर बाबाची बियर कोमट, की त्याचं तोंड दिवसभर वाकडं. ते चालेल तुला?"

"तुझ्या बाबाच्या तोंडाची काळजी आता माझ्याकडे नाही."

"बघ! मग कशाला चिडतेस? तूच दरवर्षी म्हणतेस, पाय गेले, कंबर गेली, पुढच्या वर्षी मी काही करणार नाही म्हणून. म्हणतेस की नाही?"

"म्हणते."

"मग?"

मग काय. ते म्हणायचं असतं. म्हटल्यावर समोरच्याने "छे, तुझ्याशिवाय कसं होईल" म्हणायचं असतं. हे मुलीला कसं समजावून सांगायचं. ग्लेनिस म्हणाली, "पुडिंग झालंय माझं. कधीच." पलीकडून टेगन समजुतीच्या आवाजात, फ्लिनशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "ते तू खा ना आई. जानेवारीभर. कस्टर्डबरोबर."

पुडिंग घराखाली होतं. ब्रिस्बेनमधली जुनी लाकडी घरं खांबांवर उभी असतात. खालच्या सावलीत कपडे धुवायचं यंत्र, मोडक्या खुर्च्या आणि दुसरा फ्रिज असतो. त्या फ्रिजच्या वरच्या जाळीला ते सुतळीने टांगलेलं होतं. नॅनच्या आईच्या गावी पुडिंग म्हणे ओसरीत आढ्याला टांगत, पण इथल्या दमट हवेत आठवड्यात बुरशी धरते, म्हणून फ्रिज. ग्लेनिस खाली गेली, दार उघडून उभी राहिली. मांजरपाटात बांधलेला तो गोळा, पिवळसर, घट्ट, माणसाच्या डोक्याएवढा. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती पहाटेपासून त्याच्याशी झगडली होती. कापड उकळून पिळून त्यावर पीठ चोळायचं, म्हणजे वर कातडं धरतं. चरबी किसायची. प्रत्येकाने एकदा ढवळून मनात काहीतरी मागायचं असतं, ते तिने एकटीनेच सगळ्यांच्या वाटचं ढवळलं होतं. मग सहा तास उकळत ठेवायचं आणि पाणी आटलं की किटलीने वाढवत राहायचं. बाहेर सदतीस अंश, खिडक्यांवर आतून वाफ, आणि ती गाऊनवर मानेभोवती ओला टॉवेल टाकून स्टुलावर बसलेली. या देशात भर उन्हाळ्यात हे करायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, पण तो शहाण्या लोकांनी चालवलेला वेडेपणा आहे आणि त्यात आपल्याला जागा मिळाली, असं तिला वाटत आलं होतं.

कारण तिच्या स्वतःच्या घरी असं काही नव्हतं. तिची आई इस्पितळाच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकीण होती. वर्षभर दोनशे माणसांचं शिजवून ती नाताळच्या दिवशी चूल पेटवायची नाही म्हणजे नाही. थंड कोंबडी, डब्यातलं बीट, ज्याचं त्याने वाढून घ्या आणि मला हाक मारू नका. रॉडनीशी लग्न झालं त्या वर्षी नॅनच्या घरी ग्लेनिसने पहिल्यांदा ते बघितलं. पडदे ओढलेले, पुडिंगवर ब्रँडी ओतून लावलेली काडी, त्या निळ्या ज्वाळेत सगळ्यांचे चेहरे आणि कपाळावर ते मूर्ख कागदी मुकुट. तिच्या घासात शुभशकुनाचं नाणं आलं. तीन पेन्सचं, चांदीचं, राणीच्या बापाचं तोंड असलेलं. नवी नाणी घातली तर पुडिंग हिरवं पडतं, म्हणून घराघरांत ही जुनी जपून ठेवलेली असतात. पोरांना सापडली की जेवणानंतर दोन डॉलर देऊन परत घ्यायची आणि डब्यात टाकायची. "नाणं आलं! आता तू आमची," सासरा म्हणाला होता. तो दारूच्या भरात म्हणाला होता, आणि हे कळत असूनही ती न्हाणीघरात जाऊन रडली होती.

पुढे नॅनची मनगटं गेली. कसलाही समारंभ न करता तिने नाणी ठेवायचा, खोकल्याच्या गोळ्यांचा तो जुना पत्र्याचा डबा ग्लेनिससमोर टेबलावर सरकवला आणि म्हणाली, "आता तू कर." त्या वर्षीपासून आजवर दर नाताळला दुपारी नॅनने पहिला चमचा तोंडात घातला की ग्लेनिसचा हात चमच्यावर थांबे. "बरं झालंय. जरा कोरडं." पुढच्या वर्षी, "ठीक. गोडाकडे झुकलंय." मग, "आमच्यात काळं व्हायचं. हे तपकिरी दिसतं, नाही?" ग्लेनिसने चरबी वाढवली, काळी साखर घातली, गाजर किसून घातलं, काळी बियर ओतली, मनुका दोन महिने आधी भिजवल्या. नॅन दुष्ट नव्हती. ती खरं तेच सांगायची, आणि खरं सांगणाऱ्या माणसाकडून एकदा तरी बरं बोलणं ऐकावं यासाठी ग्लेनिसने नवऱ्यासाठी केले नसतील इतके कष्ट केले होते. नवरा गेला तेव्हा ती आठवडाभर रडली असेल. पण नॅन पुडिंग न उष्टावता ताटावरून उठली तर, या विचाराने तिला भर दुपारी धडकी भरे.

नाताळच्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता तिने मोठं पातेलं चढवलं आणि पुडिंग उकळत्या पाण्यात सोडलं. का, हे तिने स्वतःला विचारलं नाही. असू दे बरोबर, एवढंच ती मनाशी म्हणाली. दहाच्या सुमारास ते तसंच बांधलेलं टॉवेलांत गुंडाळून तिने एका एस्कीत ठेवलं. गार राखायची पेटी गरमही राखते. दुसऱ्या एस्कीत पंपावरचा बर्फ. डिकीत दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ठेवून ती रेडक्लिफच्या रस्त्याला लागली. समुद्रावरच्या लांब पुलावर ऊन इतकं होतं की पाण्याकडे बघवत नव्हतं. ती गाडी हळू चालवत होती, आणि आपण बर्फ वितळेल म्हणून नव्हे तर पुडिंगला धक्का बसेल म्हणून हळू चालवतोय हे लक्षात येऊन तिला स्वतःची लाज वाटली.

"ग्लेन! बर्फ आणलास की पाणी?" रॉडनी दारातच ओरडला. अर्ध्या चड्डीवर एप्रन, हातात चिमटा. त्याचं पोट वाढलं होतं आणि तो सुखी दिसत होता. जनेलने तिला मिठी मारली, "आज हात लावायचा नाही हं कशाला," म्हणून खुर्चीवर बसवलं आणि हातात थंड ग्लास दिला. नॅनला तिच्या वृद्धाश्रमातून टेगनने आणलं होतं. ती वातानुकूलन यंत्राच्या झोताबाहेर, गुडघ्यांवर शाल घेऊन बसली होती, मुकुट भुवयांपर्यंत घसरलेला. तलावात फ्लिन आणि त्याची बहीण किंचाळत होते. जेवण चांगलं झालं. हेच वाईट होतं. ग्लेनिस प्रत्येक घासात खोट शोधत होती. हॅम कोरडं असेल असं तिला वाटलं होतं, ते रसरशीत होतं. आंबा आणि मिरचीबरोबर कोळंबी, तीही ताजी. बटाटे कुरकुरीत. कुणालाही काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. कुणी म्हणालं नाही की गेल्या वर्षी ग्लेनकडे कसं होतं. तीस वर्षं एखाद्या जागी उभं राहून माणसाने बाजूला व्हावं आणि तिथे पायाचा ठसाही दिसू नये, तसं. ती हसत होती, कोळंबी सोलत होती, फ्लिनच्या ताटात ठेवत होती.

ताटं उचलायला ती न सांगताच उठली. जेवायची जागा आणि स्वयंपाकघर एकच होतं, मध्ये फक्त लांब ओटा. जनेलने फ्रिजमधून पुडिंग काढलं. दुकानातलं, प्लास्टिकच्या वाडग्यातलं, वर चिकटवलेली किंमत नखाने खरवडलेली. ग्लेनिसने आणलेला डबा उघडून तिने नाणी उकळत्या पाण्यात धुतली, पुसली. मग जीभ दातांत धरून, शाळेतल्या पोरीसारखं मन लावून, पुडिंगला सुरीने चिरा पाडल्या आणि एकेक नाणं आत दाबलं. काही पुरती आत गेली, काहींच्या कडा वर चमकत राहिल्या. "परंपरा मोडायची नाही," ती ग्लेनिसकडे बघून हसली. "तुझ्याकडून शिकले मी हे." आणि तिने मायक्रोवेव्हचं दार उघडलं.

ग्लेनिस हातातला ग्लास फडक्याने पुसत होती. चांदी. त्या यंत्रात. एक शब्द पुरला असता. "थांब" एवढासा शब्द, तोही फ्लिनला रस्त्यावर म्हणतो तसा, सहज. डिकीत टॉवेलांत गुंडाळलेलं ते तिला आठवलं. आज हात लावायचा नाही ना कशाला, तिच्या मनात आलं, मग नाही लावत. तिने ग्लास उजेडाकडे धरून पाहिला. त्यावर डाग नव्हता तरी ती पुसत राहिली. दार बंद झालं. जनेलने बटण दाबलं.

आधी कडकड असा आवाज आला, मग आतून निळी लखलख. "आई गं!" जनेल किंचाळली. ओला फ्लिन धावत आला आणि आनंदाने नाचू लागला, "परत कर! जनेल, परत कर!" रॉडनीने भिंतीतला खटका ओढला. "घर जाळताय का बायांनो! अगं, धातू घालतात का आत?" करपलेल्या साखरेचा वास सगळीकडे भरला. जनेल वाडगा बाहेर काढून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "मला सुचलंच नाही," ती म्हणत होती, "उकळायचं असतं तेव्हा काही होत नाही ना, मला वाटलं... कुणी सांगितलंही नाही." तिने ग्लेनिसकडे पाहिलं, आरोपाने नव्हे, नुसतं. ग्लेनिसला आनंद झाला होता. लपवण्यात अर्थ नाही, छातीत काहीतरी मोकळं व्हावं असा आनंद. आता मी गाडीकडे जाईन. "अगं, काही काळजी करू नकोस," मी म्हणेन. पेटी आणीन, इथे ओट्यावर सुतळी सोडीन, कापड सोलून काढीन आणि वाफ वर येईल. पडदे ओढा, मी म्हणेन. सगळे गप्प होतील. नॅन मुकुट सावरून बघेल. तिने पर्समधून किल्ली काढलीसुद्धा.

"मी जरा गाडीतून," ती म्हणाली.

"ग्लेनिस." नॅनची हाक आली. तिला आश्रमात वेळेवर परतायचं होतं आणि ती दमली होती, म्हणून टेगनने वाडग्यातला त्यातल्या त्यात बरा भाग खरवडून, कस्टर्ड ओतून तिच्यापुढे ठेवला होता. नॅनच्या हातात चमचा होता. ती सावकाश चघळत होती आणि तिच्या चेहऱ्यावर ग्लेनिसने आजवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

"यंदा जमलं बघ तुला," नॅन म्हणाली.

"नॅन, हे तर..." टेगनने सुरुवात केली.

"मला बोलू दे. इतकी वर्षं मी म्हणायची, शिकेल हळूहळू. पोर मेहनती आहे. तुझ्याकडे बघून मी गिळायची, खरं सांगते. पण आज! काळं झालंय. कडेला कडवट लागतंय, बघा कसं. माझ्या सासूच्या हातचं थेट असंच. मला वाटलं होतं मरायच्या आधी हे पुन्हा तोंडात पडत नाही." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते शालीने टिपलं. "ये इकडे."

तलावाचा पंप घुरघुरत होता. रॉडनी जमिनीकडे बघत होता. जनेलने आपला हात तोंडावरून खाली घेतला. तिच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, थट्टा नव्हती. तिथे दया होती, स्वच्छ, आणि ग्लेनिसला तिच्यापासून तोंड फिरवायला जागा नव्हती. "हो नॅन," जनेल हळूच म्हणाली. "ग्लेनिसनेच केलंय."

"मला काय सांगतेस? मला कळत नाही होय?" नॅनने रिकामी बशी पुढे केली. "अजून वाढ. आणि काय वेगळं केलंस ते सांग."

ग्लेनिसने किल्ली ओट्यावर ठेवली. बशी घेतली. वाडग्याच्या तळाला लागलेला, सर्वांत काळा भाग तिने चमच्याने खरवडून काढला, त्यावर कस्टर्ड ओतलं आणि सासूसमोर नेऊन ठेवलं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"ब्रँडी जरा जास्त घातली यंदा," ती म्हणाली.